ससा

ससा : स्तनी वर्गाच्या लॅगोमॉर्फा गणातील लेपोरिडी कुलात मोडणाऱ्या, लांब कानांच्या व आखूड शेपटीच्या शाकाहारी प्राण्यांना मराठीत सरसकट ससा असे म्हणतात. या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या प्रकारचे प्राणी येतात. माळरानावर व शेताच्या बांधावर दिसणारा तपकिरी रानससा लेपस वंशातील आहे. घरात किंवा पिंजऱ्यात पाळला जाणारा पांढरा, काळा वा करडा ससा हा ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस या यूरोपीय जातीचा वंशज आहे. इंग्रजीत त्यांना हेअर व रॅबिट अशी वेगवेगळी नावे असल्याने हा घोटाळा होत नाही. रानससा पकडून काही पिढ्या माणसाळविला म्हणजे त्याचा पाळीव ससा होतो, ही समजूत निराधार आहे. रानसशाच्या पेशीत ४८, तर पाळीव सशाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात आणि त्यांचा संकर होत नाही. पहिला उघड्यावर राहणारा, तर दुसरा मूळचा बिळात राहणारा प्राणी आहे. दोघांमधील बहुतेक भेद व पाळीव सशाच्या बऱ्याचशा गरजा या एका गोष्टीतून उद्‌भवल्या आहेत.

सशांचा समावेश पूर्वी उंदीर, घूस, खार यांच्याबरोबर कृंतक (कुरतडून खाणाऱ्या प्राण्यांच्या) गणात करीत. परंतु सशाच्या वरच्या जबड्यात पटाशीच्या मोठ्या दातांच्या लगेच मागे खुंटीसारख्या लहान दातांची आणखी एक जोडी असते, ती कृंतकांत नसते. या व इतर लक्षणांवरून १९१२ मध्ये जे. डब्ल्यू. गिडली यांनी ससे व पिका (हिमालयात आढळणारे, बिनशेपटीचे, लहान कानांचे प्राणी) यांचा स्वतंत्र गण मानावा असे प्रतिपादन केले व ते मान्य झाले. [⟶ कृंतक गण].

रानससा : भारतात सर्वत्र आढळणाऱ्या रानसशाचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस आहे. दक्षिण भारतातील सशाच्या मानेवर मागील बाजूस काळा पट्टा असतो. उत्तरेकडील प्रकारात तो नसून शेपटी तांबूस असते. डोक्यासह शरीराची लांबी सु. ४०–५० सेंमी. व वजन साधारणतः २–३ किग्रॅ. असते. पाठीकडील केस तपकिरी व काळे मिसळलेले, तर पोट पांढरे असते. वाळलेल्या गवतात निश्चल बसलेला ससा पाच-सहा पावलांवरूनही दिसत नाही. गवताळ माळ, झुडपांची रुक्ष राने व त्यांना लागून असलेली शेते ही त्याची आवडती वसतिस्थाने होत. दाट सदाहरित अरण्यात तो क्वचितच आढळतो.

रानससा बीळ खणत नाही. गवतात किंवा झुडपाखाली अंगाच्या आकाराची उथळ खोलगट जागा करून तो दिवसभर तीत पडून राहतो व संध्याकाळी चरावयास निघतो. गवत, कोवळे कोंब व पाने हे त्याचे खाद्य होय. कोवळ्या पिकांचे व नव्याने लावलेल्या रोपांचे तो नुकसान करतो, हे खरे. मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचा उपद्रव रानडुकराच्या मानाने नगण्य आहे. कोल्हा, खोकड, लांडगा, रानमांजर, मुंगूस, गरुड व मोठी घुबडे असे त्याचे शत्रू पुष्कळ आहेत. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला मागचेही दिसते, परंतु नाकाच्या अगदी समोरचे दिसत नाही. शत्रू फार जवळ येईपर्यंत तो हलत नाही आणि मग अचानक उसळी घेऊन नागमोडी धावत सुटतो. यावरून त्याला भित्रा ठरविण्यात आले असले, तरी जवळ ना बीळ, ना सुळे अशा प्राण्याला याहून शहाणपणाचा मार्ग उपलब्ध नाही.

गर्भावधी सु. सहा आठवड्यांचा असून मादीला बहुधा एक ते चार पिल्ले होतात. ती जन्मतःच केसाळ असतात, त्यांचे डोळे उघडे असतात व थोड्याच वेळात ती हालचाल करू लागतात. लेपस वंशातील मादी पिल्लांजवळ बसून राहत नाही. तिच्या वासाने शत्रू ओढला जाण्याचा धोका असल्यामुळे ती दूर राहते व साधारणतः दिवसातून एकदाच, अंधार पडल्यावर, येऊन त्यांना काही मिनिटे पाजते. एवढ्यावर पिल्लांचे भागते, कारण सशाच्या दुधात प्रथिने व स्निग्ध पदार्थ प्रत्येकी १० टक्क्यांहून अधिक असतात. गायीच्या दुधात ते ३–४ टक्क्यांच्या आसपास असतात. गवत कापताना किंवा पीक काढताना एकटे पडलेले पिल्लू सापडले, की ते आईने टाकलेले आहे असे समजून दयाबुद्धीने घरी नेण्यात येते आणि गायीच्या दुधावर काही दिवसांत दगावते. वास्तविक ते टाकलेले नसते. त्याला आहे त्याच जागी, फार तर कापणीच्या वाटेतून काही पावले बाजूच्या गवतात ठेवून माणसे दूर झाली, तर रात्री आई येण्याचा पुष्कळ संभव असतो. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानसशाला संरक्षण असून त्याची शिकार करणे हा गुन्हा आहे. तरीही फासे लावून व रात्री प्रखर दिव्याने डोळे दिपवून त्याला मारले जाते. माळरानांची नोंद पडीक जमीन म्हणून होत आल्यामुळे त्यांची नांगरट झाली किंवा तेथे झाडे लावली गेली तरी कोणास खंत वाटत नाही. शिकारीपेक्षा हे अधिक चिंताजनक आहे.

लडाख व सिक्कीमच्या उंच प्रदेशात लोकरी ससा (लेपस ओइओस्टोलस) आढळतो. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या उंच गवताच्या पट्ट्यात राहणारा राठ केसांचा ससा (कॅप्रोलॅगस हिस्पिडस) मात्र दुर्मिळ झाला असून संकटग्रस्त जातींत गणला जातो. गवताची कापणी व दर वर्षी लावण्यात येणारे वणवे ही त्याच्या ऱ्हासाची मुख्य कारणे आहेत.

पाळीव ससा : याचा वन्य पूर्वज आयबेरियन द्वीपकल्प व दक्षिण फ्रान्स येथील आहे. तो बिळांचे जाळे खणून त्यात टोळीने राहतो. मादी गर्भावधीच्या (सु. ३१ दिवस) अखेरीस गवत व स्वतःच्या पोटाचे केस उपटून बिळात घरटे करते. पिल्ले आंधळी व उघडी जन्मतात आणि सु. १० दिवसांनी डोळे उघडतात. ही मादीदेखील दिवसातून बहुधा एकदाच पाजते. त्यामुळे ती पिल्लांकडे दुर्लक्ष करते अशी नवशिक्या पाळणाऱ्याची विनाकारण समजूत होते. मादीत ठराविक काळाने बीजोत्सर्ग होत नाही. तो समागमानंतर सु. १० तासांनी होतो. यामुळे नर व मादी एकत्र ठेवल्यास संख्या भराभर वाढते.

रोमन लोक ससे भिंतींनी बंदिस्त केलेल्या आवारात ठेवीत. इ.स. ६०० च्या सुमारास फ्रान्समधील मठवासीयांनी तो माणसाळविला, ही कथा अनेक ग्रंथांत दिलेली आढळते. परंतु टूर्सचे ग्रेगरी यांच्या लेखनातील एका उल्लेखाच्या चुकीच्या अर्थावर ती आधारलेली असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवून देण्यात आले. माणसाळविण्याची क्रिया कोणा एका वर्षी न होता मध्ययुगात सावकाश होत गेली, असे आता मानतात. शत्रू नसलेल्या प्रदेशात या सशाचे काय होते, हे ऑस्ट्रेलियात दिसून आले. १८५९ मध्ये टॉमस ऑस्टिन यांनी व्हिक्टोरियात शिकारीसाठी इंग्लंडहून सु. दोन डझन ससे आणविले. त्यांच्या संततीने काही दशकांत खंडाचा मोठा भाग व्यापून कुरणे उजाड केली. हजारो किमी. लांबीची कुंपणे निष्फळ ठरल्यावर १९५० मध्ये मिक्झोमॅटोसिस या रोगाचे विषाणू तेथे मुद्दाम पसरविण्यात आले. प्रारंभी बहुसंख्य ससे मेले, पण पुढे उरलेल्यांत प्रतिकारशक्ती निर्माण झाली.

आहार व पचन : सशाचे सर्व दात आयुष्यभर वाढत राहतात, पटाशीचे दात आठवड्याला सु. २–३ मिमी. वाढतात. गवतातील सिलिका व दीर्घकाळ चर्वण यांमुळे ते झिजतात. मऊ किंवा दाणेदार खाद्यावर ठेवलेल्या सशाच्या दाढा पुरेशा झिजत नाहीत, त्यांच्या कडांना टोके येऊन जीभ व गाल सोलले जातात आणि भूक असूनही प्राणी खाईनासा होतो. खाद्याचे पचन मुख्यतः अंधनालात (लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्याजवळील, एका टोकास बंद असलेल्या मोठ्या पिशवीत) सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने होते. जाड तंतू वेगळे होऊन कठीण, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. अंधनालात आंबलेला भाग मऊ, चिकट लेंड्यांच्या घोसाच्या रूपाने उत्सर्जित होतो व तो ससा गुदद्वारापासून सरळ तोंडात घेऊन गिळतो. ही गोष्ट मोरो या फ्रेंच पशुवैद्यांनी १८८२ मध्ये वर्णन केली. या सवयीत किळसवाणे वा रोगट असे काही नाही. ब गटातील जीवनसत्त्वे व सूक्ष्मजंतूंनी तयार केलेली प्रथिने त्याला अशा रीतीने मिळतात. गाय रवंथ करून जे साधते, तेच ससा या मार्गाने साधतो.

यावरून गवत हेच सशाचे अन्न होय, हे स्पष्ट होते. हरळी, मारवेल यांसारखे हिरवे व वाळलेले गवत त्याच्यापुढे रात्रंदिवस असावे. वाढत्या पिल्लांना व दुभत्या मादीला लसूणघास उपयुक्त असतो. प्रौढ सशाला मात्र तो बेताने द्यावा, कारण सशाच्या आतड्यातून कॅल्शियम गरजेपेक्षा अधिक शोषले जाऊन मूत्रावाटे बाहेर पडते व मूत्राशयात गाळ साचतो. चित्रांतून सशाच्या हाती नेहमी दिसणारे गाजर गोड असल्याने तोंडी लावण्यापुरतेच योग्य आहे. पाव, बिस्किटे, भात व डाळीचे दाणे यांनी अंधनालातील सूक्ष्मजंतूंचा समतोल बिघडतो. सशाला ओकारी होत नाही व उपास सोसत नाही. एक दिवसभर त्याने काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती तातडीची अवस्था समजून पशुवैद्याकडे न्यावे. तोंडावाटे दिलेली पेनिसिलीन गटातील काही प्रतिजैविके याच कारणाने सशाला मारक ठरतात. माणसाचे औषध अंदाजाने देणे म्हणून धोक्याचे असते.

निवारा व निगा : महाराष्ट्रात पाळीव सशाचा सर्वांत मोठा शत्रू उन्हाळा होय. त्याला घाम येत नाही. शरीरातील उष्णता कानांच्या पातळ त्वचेखालील रक्तवाहिन्यांतून व श्वसनावाटे बाहेर टाकली जाते. सु. १५–२५° से. तापमान त्याला मानवते. तीस अंशांच्या वर त्याला त्रास होऊ लागतो व नरांची प्रजननक्षमता घटते, तर चाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला ससा काही तासांत मरू शकतो. त्याचा वन्य पूर्वज अशा वेळी थंड बिळात जाई. पिंजऱ्यातील सशाला ती सोय नसल्याने सावली, खेळती हवा, ओले गोणपाट व मुबलक पाणी यांची तजवीज पाळणाऱ्यानेच करावयाची असते. प्रौढ सशाला वजनाच्या दर किग्रॅ. मागे रोज ५० ते १५० मिलि. पाणी लागते. भिंतीतील खोबणीसारखी किंवा खोक्याची एक अंधारी, बंदिस्त जागाही हवी; तीवाचून तो सतत धास्तावलेला राहतो. जाळीच्या तळामुळे मागच्या पायांना जखमा होतात, म्हणून निदान काही भागात फळी किंवा गवताचे अंथरूण असावे.

रोज काही तास मोकळे धावता आले पाहिजे. त्याच्या शरीरात मागील पायांचे स्नायू अतिशय बळकट, पण हाडे हलकी असतात. चुकीच्या रीतीने उचललेल्या सशाने जोराने लाथ झाडली, तर त्याचाच कणा मोडतो. कान धरून ससा उचलण्याची प्रथा सर्वस्वी त्याज्य आहे. एक हात छातीखाली व दुसरा पुठ्ठ्याखाली देऊन त्याला उचलावे. तो टोळीने राहणारा असल्यामुळे एकट्याला ठेवू नये. दोन प्रौढ नर मात्र एकमेकांना गंभीर जखमा करतात. खच्ची केलेला नर व मादी ही जोडी उत्तम होय. पिल्ले न होऊ दिलेल्या माद्यांत वय वाढल्यावर गर्भाशयाचा कर्करोग बऱ्याच प्रमाणात आढळत असल्याने गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया हितावह ठरते. चांगल्या निगेत ससा ८–१० वर्षे जगतो. लहान मुलाला वाढदिवशी ससा भेट देणाऱ्याने हा कालावधी लक्षात घ्यावयास हवा.

कानातील खरूज (माइटजन्य रोग), पिल्लांतील हगवण घडवून आणणारा कॉक्सिडियता व श्वसनसंस्थेचे सूक्ष्मजंतुजन्य विकार हे रोग भारतात सामान्य आहेत. आजार लपविणे हा शिकार होणाऱ्या प्राण्यांचा स्वभाव असल्यामुळे लक्षणे उशिरा ध्यानात येतात. दात खाणे, पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसणे व आवडीचे पान नाकारणे या वेदनेच्या खुणा होत.

उपयोग : मांस, कातडी व लोकर यांसाठी ससे पाळतात. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला व व्हाइट जायंट हे मांसासाठी, तर अंगोरा हा लोकरीसाठी प्रसिद्ध प्रकार आहे. अंगोराला थंड हवा आवश्यक असल्याने भारतात त्याचे पालन मुख्यतः हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील डोंगराळ भागात होते. राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे हिमाचल प्रदेशातील गरसा येथील केंद्र या विषयावर काम करते. वैद्यकातही सशाचे स्थान मोठे आहे. लूई पाश्चर यांनी १८८५ मध्ये प्रथम वापरलेली पिसाळरोगावरील लस संसर्ग केलेल्या सशांच्या वाळविलेल्या मेरुरज्जूपासून तयार केली होती. सौंदर्यप्रसाधनांची दाहकता अजमावण्यासाठी ती सशाच्या डोळ्यात घालण्याची चाचणी १९४४ पासून रूढ होती. भारताने प्रसाधनांसाठी प्राण्यांवरील चाचण्यांना २०१४ मध्ये बंदी घातली.

संस्कृतात सशाला शश म्हणतात व त्याची आकृती चंद्रावर दिसते या कल्पनेवरून चंद्राला शशी, शशांक ही नावे पडली. जातककथांत व पंचतंत्रात तो अनुक्रमे दानशूर व चतुर प्राणी म्हणून येतो. भारतीय दर्शनांत जे अस्तित्वातच नाही त्याचे उदाहरण म्हणून शशशृंग (सशाचे शिंग) हा शब्द वापरतात. उत्तर अमेरिकेतील कॉटनटेल सशांच्या डोक्यावर मात्र शिंगांसारख्या कठीण वाढी खरोखरच आढळतात. त्या एका विषाणूमुळे होतात, असे रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. सस्तन प्राण्यांत अर्बुद निर्माण करणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासाला या संशोधनाने मोठी चालना मिळाली.