काम संपलेली पिन

डॉजने १९८९ सालच्या रॅम पिकअपमध्ये जे कमिन्स डिझेल इंजिन बसवलं, ते मुळात पिकअपसाठी घडवलेलंच नव्हतं. अमेरिकेतल्या कोलंबस, इंडियाना इथली कमिन्स आणि शेतीची यंत्रं बनवणारी केस या दोघांनी मिळून ते काढलं होतं. सहा सिलिंडर एका रांगेत, ५.९ लिटर, टर्बो, वजन जवळपास अर्धा टन. १६० अश्वशक्ती आज ऐकायला फारच किरकोळ वाटते, पण कमी फेऱ्यांवरची ओढ अशी, की घोड्यांचा ट्रेलर मागे लावला तरी गाडी कुरकुरत नाही. तीन-चार लाख मैल पळालेल्या रॅम तिकडे अजून कामावर आहेत.

पुण्याला कमिन्स हे नाव नवं नाही. कोथरूडची किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये स्थापन झाली. या ५.९ लिटरच्या इंजिनाचे भाऊबंद पुढे टाटा कमिन्सने जमशेदपूरला बनवले आणि ते टाटाच्या ट्रकांत बसले.

एवढ्या दणकट इंजिनात भीती आहे ती करंगळीच्या पेराएवढ्या एका पोलादी डॉवेल पिनची. अमेरिकेत तिला ‘किलर डॉवेल पिन’ म्हणतात. या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही; कॅमशाफ्ट आणि डिझेल पंप दोन्ही गिअरवर फिरतात. या गिअरचं अल्युमिनियमचं घर इंजिन ब्लॉकवर नेमक्या जागी बसावं, म्हणून ही पिन. घर जागेवर आलं, बोल्ट आवळले, की तिचं काम संपलं. पण ती बाहेर येऊ नये म्हणून तिच्या तोंडावर काहीच ठेवलेलं नाही. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती पुढे सरकत जाते आणि एखाद्या दिवशी निसटते. नशीब असेल तर सरळ खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडते. नसेल तर फिरत्या गिअरमध्ये सापडते. मग घराला तडा जातो, दात तुटतात आणि कॅमचा ताळमेळ बिघडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

हे सगळ्या गाड्यांत घडतं असं नाही, आणि पेच इथेच आहे. गाडी झकास चाललेली असताना, धूर नाही, आवाज नाही, आणि माणसाने इंजिनाचं तोंड खोलायचं! गॅरेजवाला मजुरी घेणार ती तासांची, म्हणून ज्यांच्या हाताला पान्याची सवय आहे ते घरच्या गॅरेजमध्येच एका सुट्टीच्या दिवशी हे उरकतात.

बॅटरीच्या तारा सोडवायच्या, बेल्ट उतरवायचा. फॅनचा मोठा नट उलट्या आट्यांचा आहे. हे ठाऊक नसलेला माणूस तो सोडवता सोडवता आणखी आवळत बसतो. मग क्रँकच्या टोकावरचा डॅम्पर, मग टायमिंग कव्हर. कॅम गिअरच्या कडेमागे टॉर्च मारली की पिन दिसते, कधी बरोबर आपल्या भोकात, कधी अर्धी बाहेर डोकावणारी. पंच लावून ती आत ठोकायची, शेजारचा बोल्ट काढायचा आणि त्याखाली पोलादी पट्टीचा तुकडा असा बसवायचा की त्याचं टोक पिनच्या तोंडावर येईल. बोल्टला लॉकटाइट लावून टॉर्क पान्याने आवळायचं. पट्टी विकत मिळते. करवत आणि ड्रिल असेल तर घरीही होते. मग पिन काढूनच का टाकू नये? कारण पुढे कधी घर उतरवावं लागलं, तर गिअर पुन्हा नेमके जुळवायला ती हवीच.

माझ्या मते खरी कसोटी कव्हर परत लावताना लागते. पुढचं ऑइल सील नवं घालायचं ते कोरडं. सीलला बोटभर ऑइल लावायची मिस्त्रीच्या हाताची जुनी खोड, पण इथे क्रँकचं टोक आणि सीलची कड दोन्ही स्वच्छ पुसलेली लागतात, नाहीतर ते गळतं.

आणि कव्हर काढल्यावर पिनचं भोक रिकामं निघालं तर? गिअरचे दात एकेक करून पाहायचे, घराला कुठे तडा आहे का ते बोट फिरवून बघायचं. चेंबर काढायचं म्हणजे इंजिन उचलणं आलं, म्हणून ऑइल सोडायच्या भोकातून लवचिक दांडीचं चुंबक आत फिरवतात. तरीही पिन सापडली नाही आणि दात शाबूत असले, तर ती चेंबरच्या तळाशी आहे असं धरून बरेच जण कव्हर लावून टाकतात.