भटक्या मांजरांचे नियोजन : दया आणि शास्त्र यांचा मेळ

तंजावरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव आहे. ‘पाच पवित्र नद्यांचे स्थान’ असा या नावाचा अर्थ. येथील पंचनदीश्वराचे मंदिर प्राचीन आहे. संत त्यागराजांची (१७६७-१८४७) समाधी येथेच असून पौष वद्य पंचमीला होणाऱ्या आराधनेसाठी देशभरातून गायक-वादक आणि श्रोते येतात. व्यंकोजीराजांपासून १७९९ पर्यंत हा प्रदेश भोसले घराण्याच्या अमलाखाली होता. त्यामुळे मराठी वाचकाला तो परका नाही.

मंदिर, अन्नदान, खानावळी, बाजार आणि भोवताली भाताची कोठारे असलेले असे गाव मांजरांना सोयीचे असते. कोठारात उंदीर असतात आणि उकिरड्यावर उरलेले अन्न असते. अशा ठिकाणी भटक्या मांजरांची संख्या वाढली की दोन प्रकारच्या मागण्या पुढे येतात. ‘सगळी मांजरे पकडून दूर सोडा’ ही पहिली आणि ‘मुक्या जिवांना खाऊ घाला’ ही दुसरी. पहिलीत शास्त्र नाही आणि दुसरीत नियोजन नाही. या दोहोंपलीकडचा तिसरा मार्ग आता अनेक देशांत आणि भारतातील काही शहरांत अनुसरला जात आहे. तिरुवैयारुसारखे लहान गाव डोळ्यांसमोर ठेवून त्याची ओळख करून घेणे उद्‌बोधक ठरेल.

संख्या का वाढते?

मांजराचे माणसाशी असलेले नाते धान्यातून जुळले. पश्चिम आशियात सुमारे १० हजार वर्षांपूर्वी शेती सुरू झाली, धान्य साठवले जाऊ लागले, त्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. आजचे घरमांजर त्याचेच वंशज होय. म्हणूनच माणसाच्या सान्निध्यात राहूनही स्वतंत्रपणे जगण्याची क्षमता त्याने गमावलेली नाही.

वस्तीतील मांजरांचे तीन गट करता येतात. पहिला गट मालक असलेल्या पाळीव मांजरांचा. दुसरा गट पूर्वी माणसाळलेल्या, परंतु हरवलेल्या किंवा टाकून दिलेल्या मांजरांचा. तिसरा गट जन्मापासून माणसाचा स्पर्शच न झालेल्या, रानटी वळणाच्या मांजरांचा. दुसऱ्या गटातील मांजर पुन्हा घरात रुळू शकते. तिसऱ्या गटातील प्रौढ मांजर बहुधा रुळत नाही. नियोजनाची दिशा या भेदावर ठरते.

मांजरीचा गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो. चार ते सहा महिन्यांची मांजरी माजावर येऊ शकते आणि एका वेतात साधारणतः चार पिले होतात. उष्ण प्रदेशात प्रजननाचा काळ वर्षभर चालू राहू शकतो. दहा मांजरींची वर्षाला दोन-दोन वेते धरली, तरी पिलांची संख्या ८० होते.

ही सारी पिले अर्थातच जगत नाहीत. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील भटक्या मांजरांवरचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोंद झालेल्या १६९ पिलांपैकी १२७ पिले सहा महिन्यांची होण्यापूर्वीच मेली किंवा नाहीशी झाली. म्हणजे दर चारांपैकी तीन. मांजरांची संख्या कोठेतरी मर्यादित होतेच. ती वाहनांखाली, उपासमारीने आणि रोगाने मर्यादित होऊ द्यायची, की जन्मच रोखून, हा खरा प्रश्न आहे. काहीच न करणे हीदेखील एक पद्धत आहे आणि ती सर्वांत क्रूर आहे.

हटवणे किंवा मारणे का अपुरे पडते?

एखाद्या बाजारातील मांजरे उचलून गावाबाहेर सोडली, तरी त्यांना तेथे आणणारे अन्न आणि आडोसा तसाच राहतो. काही काळात आजूबाजूची मांजरे त्या मोकळ्या जागेत शिरतात, उरलेल्यांच्या पिलांना अधिक अन्न मिळते आणि संख्या पूर्वपदावर येते. दूर सोडलेली मांजरे अनोळखी प्रदेशात उपाशी मरतात किंवा तेथील मांजरांशी झगडतात.

बंदिस्त बेटावर मात्र निर्मूलन शक्य होते, हेही नमूद केले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटावर १९४९ मध्ये उंदरांच्या बंदोबस्तासाठी पाच मांजरे नेण्यात आली. १९७७ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ३,४०० झाली आणि समुद्रपक्ष्यांचा मोठा संहार झाला. विषाणू, बंदुका आणि सापळे वापरून १९९१ पर्यंत ती नष्ट करण्यात आली. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर २००० पर्यंत मांजरे संपवण्यात आली, तेव्हा सशांची संख्या वाढून तेथील वनस्पतींची हानी झाली. बेटाला चारी बाजूंनी समुद्राची सीमा असते. तिरुवैयारुला तशी सीमा नाही. शिवाय भाताच्या प्रदेशात मांजर उंदरांवर काही प्रमाणात वचक ठेवते. ते एकाएकी नाहीसे होण्याचे परिणाम आधी तपासावे लागतील.

पकडा, निर्बीज करा, परत सोडा

तिसरा मार्ग या तीन क्रियांचा आहे. तो ब्रिटन आणि डेन्मार्कमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. इटलीने १९९१ च्या कायदा क्रमांक २८१ अन्वये मोकळ्या मांजरांना संरक्षण देऊन त्यांचे निर्बीजीकरण करण्याची व त्यांना मूळ जागी सोडण्याची जबाबदारी आरोग्य यंत्रणेवर सोपवली. भारतात या विचाराचे मूळ तमिळनाडूतच सापडते. चेन्नईच्या ब्ल्यू क्रॉस ऑफ इंडिया या १९५९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९६४ मध्ये श्वानांसाठी जन्मनियंत्रणाचे काम सुरू केले आणि १९९६ मध्ये तेथील महानगरपालिकेने हा मार्ग स्वीकारला. मांजरांच्या बाबतीत बृहन्मुंबई महानगरपालिकेने पुढाकार घेतला. स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने मुंबईत २०१९ मध्ये भटक्या मांजरांचे निर्बीजीकरण सुरू झाले.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा असतो. प्रथम एक लहान क्षेत्र, उदाहरणार्थ एक बाजार किंवा मंदिराभोवतीच्या चार गल्ल्या, निश्चित करून मांजरांची मोजणी केली जाते. त्यानंतर काही दिवस ठरावीक वेळी, ठरावीक जागी अन्न देऊन मांजरांना सवय लावतात. पकडण्याच्या आदल्या रात्री अन्न बंद ठेवले, की मांजर पिंजऱ्यातील खाण्याकडे येते. पिंजऱ्याचे दार पडताच त्यावर कापड टाकावे. अंधारात मांजर शांत होते. मांजर हाताने धरण्याचा प्रयत्न कटाक्षाने टाळावा. अंगावर पाजत असलेली मांजरी पकडली गेल्यास तिची पिले कोठे आहेत हे शोधणे आवश्यक असते. अन्यथा ती उपाशी मरतात.

पशुवैद्यक भूल देऊन शस्त्रक्रिया करतात. त्याच वेळी रेबीजप्रतिबंधक लस दिली जाते आणि कानाच्या टोकाचा लहानसा भाग कापून खूण केली जाते. ही खूण दुरूनही दिसते. त्यामुळे तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही आणि किती काम उरले आहे हे समजते. शुद्धीवर येऊन प्रकृती स्थिर झाल्यावर मांजराला जेथून पकडले तेथेच सोडतात. निर्बीज झालेले बोके कमी भांडतात, कमी भटकतात आणि त्यांच्या मूत्राचा उग्र दर्पही घटतो. रहिवाशांच्या बहुतेक तक्रारी याच गोष्टींविषयी असतात.

यशाची अट मात्र कठोर आहे. एका क्षेत्रातील सत्तर टक्क्यांहून अधिक मांजरे थोड्या अवधीत निर्बीज झाली पाहिजेत आणि नव्याने येणाऱ्या मांजरांवर सातत्याने लक्ष राहिले पाहिजे. गावभर विखुरलेल्या शंभर शस्त्रक्रियांपेक्षा एका बाजारात पूर्ण केलेल्या तीस शस्त्रक्रिया अधिक उपयोगी ठरतात. पक्षीजीवन समृद्ध असलेल्या भागात मांजर परत सोडण्याच्या पद्धतीवर पर्यावरणतज्ज्ञांचे आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. कोळ्ळिडम नदीपलीकडील अरियलूर जिल्ह्यातील करैवेट्टी पक्षी अभयारण्याला २०२४ मध्ये रामसर दर्जा मिळाला. अशा पाणथळीच्या लगत मांजरांची खाद्यस्थळे असू नयेत, हे नियोजनात गृहीत धरावे लागेल.

पिलांचे संगोपन

प्रौढ मांजर परत सोडायचे. मग पिलांचे काय? येथे वयाला निर्णायक महत्त्व आहे. साधारणतः दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या काळात पिलाला माणसाचा सहवास मिळाला, तर ते माणसाळते. हा काळ उलटला की प्रत्येक आठवड्यागणिक काम कठीण होते. म्हणून सोडवलेली पिले काही आठवड्यांसाठी एखाद्या कुटुंबाकडे संगोपनासाठी ठेवणे आणि नंतर कायमच्या घरी दत्तक देणे, हा निर्बीजीकरणाचा पूरक भाग ठरतो.

मांजर आपली पिले सात घरे फिरवते, असे मराठीत म्हणतात. कोपऱ्यात एकटी दिसणारी पिले अनाथच असतात असे नाही. आई अन्नासाठी गेलेली असते किंवा त्यांना एकेक करून हलवत असते. तमिळ श्रीवैष्णव परंपरेतील तेन्कलै पंथाने ईश्वरकृपेसाठी ‘मार्जारन्याय’ योजला, तो याच दृश्यावरून. पिलू काहीही करत नाही. आईच त्याला मानेशी धरून नेते. म्हणून पिले थंड पडलेली, जखमी किंवा धोक्याच्या जागी नसतील, तर काही तास दुरून लक्ष ठेवावे. आईचे दूध आणि ऊब यांना तोड नाही.

आई आलीच नाही, तर प्रथम ऊब आणि मगच अन्न, हा क्रम पाळावा. थंड पडलेल्या पिलाला दूध पचत नाही. गाईचे दूध मांजराच्या पिलांना मानवत नाही; त्याने हगवण लागते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मांजरांच्या पिलांसाठीचे तयार दूध द्यावे. पहिल्या आठवड्यांत दर दोन-तीन तासांनी, पिलाला पोटावर ठेवून पाजावे. उताणे धरून पाजल्यास दूध फुप्फुसात जाऊ शकते. पाजल्यानंतर ओलसर, कोमट कापसाने पार्श्वभाग हलकेच पुसावा लागतो, कारण लहान पिलू त्याविना मलमूत्र विसर्जन करू शकत नाही. जन्मतः सुमारे १०० ग्रॅम असलेले वजन रोज दहा ग्रॅमच्या आसपास वाढले पाहिजे. म्हणून स्वयंपाकघरातील लहान तराजू आणि एक वही ही संगोपनाची मुख्य साधने होत. वजन वाढणे थांबले, तर ती धोक्याची सूचना समजावी.

चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न सुरू करता येते. जंतनाशक औषध, सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लसीकरण आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस हा क्रम पशुवैद्यक ठरवतात. पॅनल्यूकोपेनिया हा विषाणुजन्य रोग पिलांना झपाट्याने मारतो. त्यामुळे घरात आधीचे मांजर असल्यास नव्या पिलांना किमान दोन आठवडे वेगळे ठेवावे. मांजर चावल्यास किंवा त्याने ओरबाडल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्वरित दवाखाना गाठावा. गर्भवती स्त्रियांनी मांजराची विष्ठा हाताळू नये.

दत्तक देताना निर्बीजीकरणाचे वचन घेणे अगत्याचे आहे. अन्यथा आज वाचवलेले पिलू वर्षभरात नव्या भटक्या पिलांची आई होते.

घटनात्मक आणि कायदेशीर चौकट

परीक्षार्थींच्या दृष्टीने या विषयाची चौकट लक्षात घेण्यासारखी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१क(छ) नुसार सजीवांबद्दल दयाभाव बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत (नोंद १७) आहे, तर पशुरोगांना प्रतिबंध आणि पशुवैद्यकीय व्यवसाय राज्यसूचीत (नोंद १५) आहेत. बाराव्या अनुसूचीत प्राणिक्रौर्य प्रतिबंध हे नगरपालिकांच्या कार्यांपैकी एक म्हणून नमूद आहे.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकाने प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियम, १९६० चा मार्ग मोकळा केला. त्याखाली १९६२ मध्ये भारतीय प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्या त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. प्राणी उपाशी पडेल अशा स्थितीत त्याला टाकून देणे हा या अधिनियमाच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. प्राण्यास ठार मारणे किंवा विष घालणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. जन्मनियंत्रणाचे २००१ चे नियम नावानेच श्वानांपुरते होते. त्यांच्या जागी आलेल्या ‘प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३’ च्या नावातून ‘श्वान’ हा शब्द गेला असला, तरी त्यांचा मुख्य भर श्वानांवरच आहे. मात्र वस्तीतील प्राण्यांना खाऊ घालण्याच्या जागा मुलांच्या खेळाच्या जागा, जिने आणि प्रवेशद्वारे यांपासून दूर असाव्यात, हे त्यांतील तत्त्व मांजरांनाही उपयुक्त आहे.

लहान गावाला हे परवडेल काय?

मोठ्या महानगरपालिकेजवळ निधी आणि संस्था असतात. लहान गावाजवळ त्या नसतात, हे खरे. परंतु तंजावर जिल्ह्यात एक जमेची बाजू आहे. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८-१८३२) यांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर प्राण्यांसाठीही औषधे तयार होत. त्यांनी मुक्तांबाळ छत्र उभारले त्या ओरत्तनाडू येथे २०१२ पासून तमिळनाडू पशुवैद्यकीय विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. शस्त्रक्रियेचा अनुभव विद्यार्थ्यांना हवा असतो आणि शस्त्रक्रिया गावाला हव्या असतात. या दोन गरजा एकत्र आणण्यासाठी स्थानिक संस्था, पशुसंवर्धन विभाग आणि महाविद्यालय यांच्यात करार झाल्यास वर्षातून दोन-तीन शिबिरे घेता येतील. पिंजरे आणि वाहन यांचा खर्च मर्यादित असतो. मोजणी, पकडणे आणि पिलांचे संगोपन ही कामे प्रशिक्षित स्थानिक नागरिक करू शकतात.

या साऱ्याला कचऱ्याच्या व्यवस्थेची जोड हवी. उत्सवानंतर उरलेले अन्न उघड्यावर पडून राहिले, तर कितीही शस्त्रक्रिया केल्या तरी बाहेरची मांजरे येतच राहतील. झाकलेल्या कचरापेट्या आणि रोजची उचल हा या कार्यक्रमाचाच भाग मानला पाहिजे.

यशाचे मोजमापही साधे आहे. दुसऱ्या वर्षी त्याच बाजारात कानाला खूण नसलेली किती मांजरे दिसतात आणि रस्त्याकडेला किती पिले सापडतात, या दोन आकड्यांची नोंद ठेवावी. दोन्ही आकडे उतरत असतील, तर दया योग्य दिशेने चालली आहे असे समजावे. ते उतरत नसतील, तर मोजणीपासून पुन्हा आरंभ करावा.