फ्रान्समधील माध्यमिक शाळा आणि चित्रपटाचे शिक्षण

माध्यमिक शाळेत चित्रपट शिकवावयाचा तो कशासाठी, ह्या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. चित्रपटाच्या मोहापासून मुलांचे रक्षण व्हावे, हे एक. चित्रपट ही एक भाषा असल्याने तिचे व्याकरण मुलांना अवगत व्हावे, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे अपुरी मानणारा एक विचार फ्रान्समध्ये पुढे आला व त्याला शासनाचा आश्रयही लाभला. २००० साली शिक्षणमंत्री जाक लांग आणि संस्कृतिमंत्री कातरीन तास्का ह्यांनी शाळांतील कलाशिक्षणाची पंचवार्षिक योजना जाहीर केली. तिच्या चित्रपटविषयक भागामागील प्रेरणा समीक्षक आलँ बेर्गाला ह्यांची होती. आपली भूमिका त्यांनी २००२ साली ग्रंथरूपाने मांडली.

कला ही शाळेत नेहमीच उपरी असते आणि तिचे उपरेपण राखूनच तिला शाळेत आणले पाहिजे, असे बेर्गाला मानतात. तिचा नेमलेला धडा झाला की तिच्यातील धक्का नाहीसा होतो. म्हणून येथे शिक्षक हा अर्थ सांगणारा पंतोजी नसून पैलतीरी नेणारा नावाडी होय. प्रवासाची जोखीम त्यालाही चुकत नाही. विद्यार्थ्यानेही तयार चित्रपटाचा अर्थ लावण्याची घाई न करता, तो घडत असताना दिग्दर्शकापुढे कोणते पर्याय खुले होते ह्याची कल्पना करावयाची असते.

हा विचार हवेत राहिला नाही, ह्याचे श्रेय पॅरिसच्या सिनेमातेक फ्राँसेझ ह्या संस्थेने १९९५ साली, म्हणजे चित्रपटाच्या शताब्दीवर्षी, सुरू केलेल्या उपक्रमाला द्यावे लागेल. त्यातील एक पाठ साधा, परंतु कमालीचा कसोटीचा आहे. ल्युमिएर बंधूंच्या १८९५ मधील चित्रफिती जेमतेम पाऊण मिनिटाच्या असत, कारण कॅमेऱ्यात सुमारे १७ मीटर फीतच मावे. तीच मर्यादा आज विद्यार्थ्यावर मुद्दाम घातली जाते : एक मिनिट, एकच शॉट, कॅमेरा स्थिर, संकलन नाही. (मुंबईत १८९९ साली कुस्तीचे चित्रण करणाऱ्या सावेदादा भाटवडेकरांपुढील अडचणही फारशी निराळी नसावी.) इतके काढून घेतल्यावर उरते काय? उरतात ते तीन निर्णय : काय निवडावे, ते चौकटीत कसे मांडावे, आणि नेमके केव्हा सुरू करावे. बसथांब्यासमोर कॅमेरा लावून उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने क्षणभर आधी कळ दाबली, तर बस येण्यापूर्वीच मिनिट संपते. उशीर केला, तर थांब्यावरील ताटकळणेच हातचे जाते. आणि मध्येच एखादे कुत्रे चौकटीत शिरले, तर त्याला हाकलणेही शक्य नसते. कलावंताचा निर्णय अपुऱ्या माहितीवर आणि परत न येणाऱ्या क्षणी होतो, हे कोणत्याही व्याख्यानाने इतके पटणार नाही.

तथापि उच्च माध्यमिक शाळेत, म्हणजे लीसेमध्ये, प्रश्न परीक्षेचा येतो. तेथे चित्रपट, नाट्य, नृत्य, संगीत, दृश्यकला, कलेतिहास आणि सर्कस हे विशेष विषय म्हणून घेता येतात. चित्रपट व नाट्य ह्या विषयांत शिक्षकाबरोबर व्यवसायातील कलावंतही शिकवितो. २०१९ पासूनच्या रचनेनुसार विशेष विषयाला शेवटून दुसऱ्या वर्षी आठवड्याला ४ व अंतिम वर्षी ६ तास मिळतात. तास पुरेसे आहेत. मेख अन्यत्र आहे. विद्यार्थी प्रथम तीन विशेष विषय घेतो आणि अंतिम वर्षी त्यांतील एक सोडतो. पुढील प्रवेशाची चिंता असलेल्या घरात गणित ठेवून चित्रपट सोडावा, असा सल्ला मिळाल्यास नवल नाही.

जे टिकून राहतात, त्यांच्याही बाबतीत मूल्यमापन अवघडच. नाट्याच्या परीक्षार्थीने भूमिकेत घेतलेला निर्णय परीक्षकाच्या डोळ्यांदेखत घडतो. चित्रपटाच्या परीक्षार्थीचा निर्णय मात्र महिन्यांपूर्वी, बहुधा चारपाच सहाध्यायांसह, कोठेतरी रस्त्यावर होऊन गेलेला असतो. परीक्षकापुढे येते ती तयार कृती आणि तिच्याविषयीचे बोलणे. ज्याला बोलता येते त्याचा निर्णय त्यामुळे अधिक सजग भासतो. ज्याने अचूक क्षणी कळ दाबली, पण का दाबली हे ज्याला सांगता येत नाही, त्याला गुण कोणत्या आधारावर द्यावेत, ह्याचे उत्तर बेर्गाला ह्यांच्या सिद्धान्तात सापडत नाही.