मिळवणी आणि पडताळणी

संगणकाचा मोठा प्रोग्रॅम बहुधा एकटा मनुष्य लिहीत नाहीं. लिनस टोरवाल्ड्स यांनीं 2005 सालीं रचलेल्या ‘गिट’ या साधनांत प्रत्येक जण मूळ प्रतीपासून आपली शाखा, म्हणजे ब्रँच, काढतो; तींत फेरफार करतो व शेवटीं ती मूळ प्रवाहांत मिळवितो.

मिळवणीच्या वेळीं यंत्र तीन प्रती पाहतें: दोघांच्या दोन, आणि त्यांची समान पूर्वज प्रत. ही तिसरी नसेल, तर एकानें ओळ गाळली कीं दुसऱ्यानें घातली, हें कळावें कसें? एखादा भाग एकानेंच बदलला असेल, तर तो बदल स्वीकारला जातो. दोघांनीं तोच भाग निरनिराळ्या रीतीनें बदलला असेल, तर निवाडा मनुष्यावर येतो.

परंतु भांडण दिसलें नाहीं म्हणजे अर्थ जुळला, असें नव्हे. एकानें फंक्शनचें नांव बदललें आणि दुसऱ्यानें अन्यत्र त्यास जुन्याच नांवानें हांक मारली, तर ओळी जुळतात, प्रोग्रॅम मात्र मोडतो. म्हणून दुसऱ्याची नजर हवी. आणि तीही सावध हवी.

‘ओपनएसएसएल’ या गुप्तलेखनाच्या साधनांत 2011 च्या अखेरीस एक भर पडताळणीनंतर स्वीकारली गेली. मागणाऱ्यानें सांगितलेली लांबी खरी आहे काय, ही तपासणी तींत नव्हती. लेखक व परीक्षक या दोघांच्याही तें ध्यानांत आलें नाहीं. एप्रिल 2014 मध्यें ‘हार्टब्लीड’ या नांवानें दोष उघड झाला. एका खेपेस 64 किलोबाइटपर्यंत सर्व्हरची स्मृति परक्यास वाचतां येत होती.

यास्तव परीक्षकानें लिहिलेलें वाचावेंच; परंतु काय लिहावयाचें राहिलें, हेंही विचारावें. बदल लहान असला, म्हणजे हें विचारणें सुलभ होतें.