क्लायंटला नक्की हवंय तरी काय?

‘रिपोर्टमध्ये एक्सेलचं बटण पाहिजे.’ क्लायंट बोलला, आपण लिहून घेतलं, डेव्हलपरने रात्र जागून बनवलं. आणि डेमोच्या दिवशी तोच क्लायंट म्हणतो, ‘हे नको होतं हो!’ ओळखीचं वाटतंय ना? उपाय सोपा आहे. ‘काय हवंय’च्या आधी ‘कशासाठी हवंय’ विचारा. सिस्टिमशी ज्याचा ज्याचा संबंध येतो, तो स्टेकहोल्डर. आधी त्याचं उद्दिष्ट, मग त्यातून रिक्वायरमेंट.

सातबाऱ्याची शिकवणी

हिंजवडीत नोकरी आणि घराचा शोध मुळशीतल्या नांदे-चांदे परिसरात, असं असेल तर ‘सातबारा’ हा शब्द तुमच्या कानावर आलाच असेल. सातबारा ऑनलाइन दिसावा, ही झाली रिक्वायरमेंट. महाभूलेखवर तो फुकट दिसतोही. पण ती प्रत फक्त माहितीपुरती! शेतकऱ्याला तो नुसता बघायचा थोडाच असतो? त्याला बँकेत चालेल असा कागद हवा असतो. म्हणून तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठी हेलपाटे सुरूच.

बँकेचं उद्दिष्ट वेगळं: कागद बनावट नको. ही दोन्ही उद्दिष्टं शेजारी ठेवली की रिक्वायरमेंट आपोआप बदलते. डिजिटल सही हवी आणि खरेपणा तपासायची सोय हवी. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा आला. फी १५ रुपये, वर १६ अंकी पडताळणी क्रमांक.

झालं? छे! काउंटरपलीकडच्या साहेबांचं उद्दिष्ट राहिलंच की! ‘उद्या माझ्या अंगाशी आलं तर?’ या धास्तीवर कुठलंही फीचर चालत नाही. तिथे शासनाचा कागदच लागतो. तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही, हे सांगणारं परिपत्रक डिसेंबर २०२५ मध्ये निघालं. म्हणजे प्रत्येक उद्दिष्टाचं उत्तर कोडमध्ये नसतं, बॉस!

पीक माझं, नोंद माझी

१५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी बघा. शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद बरोबर हवी, कारण नुकसानभरपाई त्यावर अडते. सरकारला ती नोंद खरी हवी. म्हणून शेतकरी स्वतः नोंद करणार, पण फोटो शेतातूनच काढणार. चूक झाली तर दुरुस्तीला ४८ तास. आणि १० टक्के नोंदी तलाठी तपासणार. एकेका उद्दिष्टामागे एकेक नियम!

सोमवारच्या मीटिंगसाठी

- प्रत्येक मागणीला ‘कशासाठी?’ विचारा. उत्तरालाही पुन्हा ‘कशासाठी?’ विचारा.
- मीटिंगला न आलेल्यांची यादी करा. सिस्टिम रोज वापरणारा बहुतेक त्यातच सापडतो.
- दोघांची उद्दिष्टं भांडत असतील, तर ते भांडण आधी कागदावर मिटवा. कोडमध्ये मिटवणं महाग पडतं.
- ज्या फीचरमागे कुणाचंच उद्दिष्ट सापडत नाही, त्याला सरळ काट मारा.

एवढं केलंत, तर निदान शनिवार-रविवार तरी तुमचा!