मेहरौलीचा झरना

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला जुलै महिना जड जातो. इकडे दमट उकाड्यानं जीव नकोसा झालेला असतो आणि तिकडून फोनवर ताम्हिणी, आंबोली, भुशी डॅम असे ओलेचिंब फोटो यायला लागतात. पायऱ्यांवरून फेसाळत येणारं पाणी, त्यात बसलेले काका-काकू, हातात कागदात गुंडाळलेली कांदाभजी. मग पहाडगंजच्या मराठी कट्ट्यावर दरवर्षी तोच प्रश्न निघतो: एका दिवसात जाऊन येण्यासारखं, भिजता येईल आणि पोहताही येईल असं आपल्याकडे काय आहे? कुणी नोएडाच्या वॉटर पार्कचं नाव काढतं, कुणी थेट मसुरीचा केम्प्टी धबधबा सुचवतं. केम्प्टी एका दिवसात करून परत येणं म्हणजे चार थेंबांसाठी दिवसभर गाडीत बसणं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

या गप्पांत मेहरौलीचं नाव कधीच येत नाही. कुतुबमिनारसाठी सगळे तिथे जाऊन आलेले असतात. पण मिनाराच्या मागे, दर्ग्याच्या गल्ल्या ओलांडून गेलं की ‘झरना’ नावाची एक जागा आहे. दिल्लीकरांनी जवळजवळ दोन शतकं आपली पावसाळी सहल तिथे काढली. धबधबा, पोहायचा हौद, उड्या मारायला मंडप आणि झोके बांधायला आमराई, असं सगळं तिथे होतं आणि तेही लाल किल्ल्यापासून जेमतेम १७-१८ किलोमीटरवर.

हा धबधबा निसर्गानं दिलेला नव्हता. दिल्लीला सह्याद्रीसारखा कडा नाही आणि आंबोलीसारखा पाऊसही नाही. आंबोलीत सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. दिल्लीत वर्षभरात पडतो तो साधारण पावणेआठशे मिलिमीटर, आणि त्यातलाही बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये उरकतो. अरवलीची शेवटची शेपटी मात्र दिल्लीत शिरलेली आहे. तिच्या गारगोटीसारख्या कठीण खडकावर मेहरौली वसली आहे, आणि तिथून जमीन पूर्वेला यमुनेकडे उतरत जाते. म्हणजे पाणी वर अडवलं आणि बेतानं खाली सोडलं, तर धबधबा तयार करता येतो. दिल्लीनं नेमकं तेच केलं, फक्त धबधब्याच्या हौसेनं नव्हे. आधी तहान होती.

ती भागवण्यासाठी सुलतान इल्तुतमिश यानं १२३० च्या सुमारास हौज-ए-शम्सी हा तलाव खोदवला. लोककथा अशी, की जागा कुठे निवडावी या विचारात सुलतान असताना स्वप्नात पैगंबर घोड्यावरून आले. सकाळी दाखवलेल्या जागी पाहतात तो घोड्याच्या टापेची खूण आणि तिथून पाणी झिरपतंय. त्या टापेच्या स्मरणार्थ लाल दगडाच्या बारा खांबांची घुमटी उभी राहिली, ती आजही आहे. शंभर वर्षांनी मोहम्मद तुघलकाच्या काळात इब्न बतूता दिल्लीत राहिला. त्यानं या तलावाचं वर्णन करून ठेवलं आहे: दोन मैल लांब, त्याच्या निम्मा रुंद, पावसाच्या पाण्यानं भरणारा आणि शहराला प्यायला पाणी पुरवणारा. पाणी भरलेलं असलं की मधल्या मंडपात नावेनंच जावं लागे. उतरलं की लोक चालत जात, आणि कडेच्या उघड्या पडलेल्या जमिनीत ऊस, काकडी, खरबुजं लावत. उजनीचं पाणी मागे हटल्यावर गाळपेरा करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

तलावाशी दगाफटका करणारेही तेव्हापासूनच होते. फिरोझशाह तुघलकानं आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तान्त लिहून ठेवला, त्यात तो म्हणतो की काही नतद्रष्टांनी हौज-ए-शम्सीकडे येणारे पाण्याचे पाट बुजवून टाकले होते. त्यानं त्यांना शिक्षा केली आणि पाट पुन्हा मोकळे केले. चौदाव्या शतकातली ही नोंद वाचताना मला नेहमी वाटतं की दिल्लीच्या कुठल्याही तलावाचं चरित्र लिहायला घेतलं तर पहिलं प्रकरण हेच निघेल. फरक इतकाच, की पुढच्या काळात शिक्षा करणारा कुणी उरला नाही.

तलाव भरून वाहू लागला की जादा पाणी पूर्वेच्या बाजूनं नाल्यात उतरून तुघलकाबादकडे जाई. वाया जाणाऱ्या या पाण्यावर १७०० च्या सुमारास नवाब गाजीउद्दीन खान फिरोझजंग याची नजर पडली. हा औरंगजेबाचा नामांकित सरदार, आणि मराठी वाचकाला त्याची दुसरी ओळख जास्त जवळची: पालखेडला १७२८ मध्ये थोरल्या बाजीरावानं ज्या निजामाला कोंडीत पकडलं, त्याचा हा बाप. त्यानं सांडव्याच्या खाली बाग वसवली आणि पाणी एका भिंतीवरून हौदात पडेल अशी योजना केली. भिंतीत कोनाडे ठेवले. रात्री त्यांत दिवे लावले की पाण्याच्या पडद्यामागून उजेड झिरपायचा. पुढे मोगल बादशाही नावापुरती उरली, तेव्हा दुसऱ्या अकबरशहानं तिथे बाजूला एक दालन बांधलं आणि त्याचा मुलगा बहादूरशहा जफर यानं मध्ये एक मंडप उभारला. राज्य हातून निसटल्यावर बादशहांनी जे थोडंफार बांधलं, त्यात हा सहलीचा मंडप आहे, हे मला फार बोलकं वाटतं.

इथे मराठ्यांचा संबंध आणखी एका वळणानं येतो. १८०३ च्या सप्टेंबरात पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या कवायती फौजेचा जनरल लेकनं पराभव केला. ही रणभूमी आता नोएडात येते आणि लढाईचा स्मृतिस्तंभ तिथल्या गोल्फच्या मैदानात उभा आहे. त्या दिवसापर्यंत दिल्लीचा बादशहा शिंद्यांच्या छायेत होता. त्यानंतर तो कंपनीचा पेन्शनर झाला आणि गादीवर पुढे कोण बसणार हेही इंग्रज रेसिडेंट ठरवू लागला. अकबरशहाला धाकटा मिर्झा जहांगीर वारस हवा होता, पण रेसिडेंट सीटन अडून बसला. या तिरसट शहजाद्यानं आधी भर दरबारात सीटनची टर उडवली आणि मग किल्ल्यात त्याच्यावर गोळी झाडली. सीटन वाचला, मिर्झाची रवानगी अलाहाबादला झाली. आई मुमताजमहल बेगमेनं नवस केला: मुलगा परत आला तर मेहरौलीच्या ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढवीन.

मुलगा सुटून आला. १८१२ च्या सुमारास नवस फेडायला अख्खी दिल्ली लोटली आणि त्यातून ‘फूलवालों की सैर’ सुरू झाली. फुलांचे मोठे पंखे मिरवत नेऊन एक योगमायेच्या देवळात आणि एक दर्ग्यावर अर्पण करायचा, हा तिचा गाभा. योगमायेच्या देवळाचा जीर्णोद्धारही याच बादशहाच्या काळात १८२७ मध्ये लाला सेठमल यांनी केला. नवसाचं मूळ असलेला मिर्झा मात्र सुधारला नाही. त्याला पुन्हा अलाहाबादला पाठवलं गेलं आणि दारूच्या पायी १८२१ मध्ये तो तिथेच मेला. त्याची संगमरवरी कबर निजामुद्दीनच्या दर्ग्याच्या आवारात आहे.

भादव्यात भरणारा हा उत्सव म्हणायला धार्मिक, पण लोक यायचे ते भिजायला. दरबार महिनोन्महिने मेहरौलीला मुक्काम हलवायचा. जफरनं तिथल्या महालाला हत्ती अंबारीसकट आत जाईल एवढा दरवाजाच करून घेतला. दिवसभर झरन्यावर गर्दी असे. पोरं मंडपाच्या छतावर चढून हौदात उड्या घेत. उतरत्या शिळेवरून घसरत पाण्यात जायची सोयही होती. तिला ‘फिसलना पत्थर’ म्हणत. वॉटर पार्कच्या प्लास्टिकच्या घसरगुंडीला दीडशे वर्षं वडील असलेली ही शिळा. आमरायांत बायकांचे झोके, आजूबाजूला पतंग आणि तळणाचे घाणे. एक आमराई इतकी दाट होती की दिवसाही तिच्यात अंधार असे. आज तिच्यातलं काही राहिलेलं नाही, पण ‘अंधेरिया मोड’ हे चौकाचं नाव बसच्या पाटीवर आहे. मिर्झा फरहतुल्ला बेग या उर्दू विनोदी लेखकानं या सैरेवर एक अप्रतिम लेख लिहिला आहे. तो वाचला की ही दिल्ली डोळ्यांपुढे येते.

दिल्लीकर पोहण्यात पटाईत होते, हेही विसरलं जातं. यमुनेकाठी पोहायला शिकवणारे उस्ताद असत. सर सय्यद अहमद खान यांचे वडील मीर मुत्तकी पोहण्यात आणि तिरंदाजीत नावाजलेले होते आणि मुलानंही पोहणं त्यांच्याकडूनच उचललं. याच सर सय्यदांनी १८४७ मध्ये दिल्लीच्या वास्तूंवर ‘आसार-उस-सनादीद’ हा ग्रंथ काढला. कुतुबमिनारावरचे वरचे लेख वाचण्यासाठी हा गृहस्थ शिंकाळ्यात बसून हवेत लोंबकळला होता. पाण्याची भीती त्याला काय असणार!

मेहरौलीत उडीची आणखी एक जागा आहे, गंधक की बावली. इल्तुतमिशच्याच काळातली, पाच मजले खोल. पाण्याला गंधकाचा वास आणि त्वचारोगांवर गुणकारी असा लौकिक. जुन्या इंग्रजी प्रवासपुस्तकांत मेहरौलीच्या बावल्यांत उंचावरून उड्या टाकून पर्यटकांकडून पैसे घेणाऱ्या पोरांचा उल्लेख हमखास असायचा. थोड्या अंतरावरची राजों की बावली १५०६ ची, लोदी काळातली आणि दिसायला जास्त देखणी. ‘राज’ म्हणजे गवंडी. राजेमहाराजे शोधायला गेलात तर निराश व्हाल. गरम पाण्याचा गंधकी झरा हवा असेल तर गुरुग्रामच्या पुढे सोहन्याचं शिवकुंड आहे. तिथे आजही लोक आंघोळीला जातात.

मग झरन्याचं काय झालं? १९४२ च्या चळवळीच्या धामधुमीत इंग्रजांनी सैर बंद पाडली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पंडित नेहरूंच्या पुढाकारानं ती पुन्हा सुरू झाली, पण उत्सव परत आणता येतो तसं पाणी आणता येत नाही. हौज-ए-शम्सीला पाणी पुरवणाऱ्या उतारांवर घरं चढली, पाट गटारं झाले, भूजल खाली गेलं आणि इब्न बतूताच्या दोन मैलांचा तलाव आक्रसून वस्तीतला एक तुकडा उरला. तोच वाहत नाही, तर सांडव्यावरून काय पडणार? भुशी डॅमचंही गणित हेच आहे. तो रेल्वेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधला गेला, लोकांची मजा सांडव्यावर आपोआप आली. लोणावळ्याला पाऊस पुरून उरतो म्हणून त्या पायऱ्या वाहत्या आहेत, एवढाच फरक. मेहरौलीला पाऊस मोजका, त्यामुळे एकेका पाटाला जपावं लागत होतं.

राजधानीच्या परिसरात हीच कथा पुन्हापुन्हा भेटते. फरिदाबादचा बडखल तलाव एकेकाळी नौकाविहाराचं ठिकाण होता. आजूबाजूच्या खाणींनी आणि उपशानं तो कोरडाठाक झाला. आता प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडून तो भरण्याचा उद्योग चालू आहे. असोला भट्टी अभयारण्यातल्या नीली झीलवर पंपानं पाणी वर चढवून कृत्रिम धबधबे केले आहेत. बघायला छान आहेत, नाही म्हणत नाही. पण तीनशे वर्षांपूर्वी जे काम जमिनीचा उतार फुकट करत होता, ते आता विजेवर चालतं, आणि याला प्रगती म्हणायला माझं मन धजत नाही.

तरीही मेहरौलीची सहल कराच, आणि ती सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा. हौजात तेव्हा पाणी असतं. पिवळ्या मार्गिकेवरच्या कुतुबमिनार स्थानकावर सकाळी लवकर उतरा. आधी पुरातत्त्व उद्यानात राजों की बावली आणि जमाली-कमालीची मशीद पाहा. मग गावात शिरून दर्गा, जफरमहाल आणि गंधक की बावली. जफरनं दर्ग्यालगत स्वतःसाठी राखलेली जागा रिकामीच आहे, कारण त्याला १८६२ मध्ये रंगूनला पुरलं. शेवटी हौजाच्या काठावरचा लोदीकालीन जहाजमहाल. पाणी भरलेलं असेल तर त्याचं प्रतिबिंब नावेसारखं दिसतं. तिथून झरना दोन पावलांवर आहे. मंडप, भिंत, कोनाडे जागेवर आहेत. पाणी वर्षातला बहुतेक काळ नसतं आणि असतं ते अंगावर घेण्यासारखं नसतं. आजूबाजूच्या कचऱ्याची मनाची तयारी ठेवा. गल्ल्या अरुंद आहेत, गाडी आत नेऊ नका.

पोहायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी तालकटोऱ्याला जा. १७३७ मध्ये बाजीरावानं दिल्लीवर अचानक धडक मारली तेव्हा मोगलांची आणि मराठ्यांची चकमक तिथेच झाली होती. आता तिथे १९८२ च्या आशियाई आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी घडवलेला मोठा तरणतलाव आहे.

आणि एक काकुळतीची विनंती. असोला भट्टीच्या बंद खाणींत साचलेल्या निळ्या पाण्याचे फोटो तरुण मुलं एकमेकांना पाठवतात. बदरपूर वाळूसाठी खोदलेले ते खड्डे आहेत. काठ सरळ तुटलेला, पाय टेकायला जागा नाही, आणि दोन हातांवर खोली एकदम वाढते. तिथे आजवर पुष्कळ मुलं बुडाली आहेत. ३० जून २०२४ ला भुशी डॅमजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती तर ओळखीच्या ठिकाणी गेली होती. खाणीच्या पाण्यात पोहणं बेकायदा आहे, आणि नसतं तरी कुणाच्याही सांगण्यावरून त्यात उतरू नका.