चिवड्याचं पाकीट आणि बारामतीकराचा लेझर

नाशिकहून कुणाकडे जायचं तर पिशवीत चिवड्याचं पाकीट हवंच. पण कधी ते फोडल्यावर पोहे सादळलेले निघतात. भोक तर कुठेच दिसत नाही! अशा वेळी वरचं सील बोटांत धरून उजेडात पाहावं. सील मारताना शेवेचा एखादा कण किंवा तेलाचा ओघळ दोन थरांत अडकलेला असतो. तेवढी फट दमट हवेला पुरते.

सील मारण्याची नेहमीची रीत इस्त्रीच्या जातीची. दोन तापलेल्या पट्ट्यांमध्ये फिल्म दाबली जाते. बाहेरचा पॉलिएस्टरचा थर वितळायला सुमारे 250 अंश सेल्सिअस लागतात, आतलं पॉलिथिन 110 ते 125 अंशांतच पाघळतं. त्यामुळे छपाई शाबूत राहते आणि आतले थर एकजीव होतात.

तापलेल्या पट्ट्यांऐवजी लेझर वापरला तर?

औद्योगिक कामात मुरलेला कार्बन डायऑक्साइड लेझर 1964 मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये सी. कुमार एन. पटेल यांनी घडवला. त्यांचा जन्म 1938 साली बारामतीचा, अभियांत्रिकीची पदवी पुण्याची. या लेझरचा 10.6 मायक्रॉन तरंगलांबीचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण जो पदार्थ तो शोषून घेतो त्याला झटकन तापवतो.

गोम इथेच आहे. पॉलिएस्टर हा किरण अधाशासारखा पितं. पातळ पॉलिथिन मात्र तो बराचसा आरपार जाऊ देतं. बाहेरून किरण मारला, की बाहेरचा थर जळतो आणि जो वितळायला हवा तो आतला तसाच राहतो. मध्ये धातूचा चकचकीत थर असेल, तर तो किरण परतवूनच लावतो.

जाड प्लास्टिकच्या वस्तूंसाठी यावर युक्ती निघाली, पण ती आखूड तरंगलांबीच्या दुसऱ्या लेझरची. वरचा भाग किरण पलीकडे जाऊ देणारा घ्यायचा आणि खालच्या भागात काजळीसारखा शोषक मिसळायचा. दोन्ही घट्ट दाबून किरण सोडला, की नेमकी सांध्यावरच उष्णता निर्माण होते. खाद्यपदार्थांच्या डब्यासाठी मात्र तो शोषक अन्नाला चालणाराच लागतो. दोन मायक्रॉनच्या आसपासचे लेझर पारदर्शक प्लास्टिकलाही थोडेफार तापवतात, म्हणून तिथे शोषकाशिवाय काम भागू शकतं.

पाकिटांच्या धंद्यात मात्र पटेलांच्या लेझरला वेगळंच काम मिळालं. बाहेरच्या पॉलिएस्टरवर तो बारीक रेघ कोरतो आणि आतल्या पॉलिथिनला धक्का लावत नाही. हवा आत शिरत नाही, आणि त्या रेघेवरून पाकीट कात्रीशिवाय सरळ फाटतं. सील मारतात त्या गरम पट्ट्याच. लेझरचा हात लागतो तो पाकीट उघडायला.